कोल्हापुरात राहून म्युझियम शॉपमध्ये करिअर होऊ शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीकॉम झालंय, एका सामाजिक संस्थेत दोन वर्षं हिशेब पाहिलेत, आता संग्रहालयाचं विक्री केंद्र किंवा संस्थेचा स्वतःचा कमाईचा उपक्रम चालवायचं काम करायचंय, पण कोल्हापूर सोडायचं नाही. असं करिअर इथं होतं का, आणि त्यासाठी कोणता कोर्स करावा?

होतं. फक्त त्याची जाहिरात येत नाही. ते पद बहुतेक ठिकाणी नसतंच, तुम्हाला ते तयार करावं लागतं. मी ते कसं केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

मी गेली दहा वर्षं इथल्या एका ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयाचं विक्री केंद्र सांभाळते. मी लागले ती कार्यालयात मदतनीस म्हणून, महिना नऊ हजारांवर. तेव्हा तिकीट खिडकीच्या शेजारी एक काचेचं कपाट होतं. आत पिवळी पडलेली माहितीपुस्तकं होती आणि किल्ली पहारेकरी मामांच्या कनवटीला. कुणी मागितलं तर मामा उठून पुस्तक काढून द्यायचे आणि पैसे तिकिटाच्याच गल्ल्यात पडायचे. वर्षाला किती पुस्तकं गेली, हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नव्हतं. ते कपाट मी मागून घेतलं.

माझ्या वडिलांचं महाद्वार रोडला बांगड्या-कटलरीचं दुकान होतं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी कुठं थबकते, कशाला हात लावते, हात लावून परत का ठेवते, हे मी शाळेत असल्यापासून गल्ल्यामागून बघत आले. तेवढंच माझं भांडवल. म्हणून कपाट ताब्यात आल्यावर मी पहिला महिना काही विकलं नाही. बाहेर पडायच्या दारापाशी वही घेऊन बसले आणि मोजत राहिले: किती जण आले, कुणाबरोबर, कपाटाकडे किती वळले, किती थांबले, काय विचारलं.

महिनाभरात एक गोष्ट स्वच्छ दिसली. सकाळच्या वेळी शाळांच्या सहली येतात. चाळीस-पन्नास पोरं, प्रत्येकाच्या मुठीत घरून दिलेली वीस नाहीतर पन्नासची नोट. ती कपाटाला नाक लावून बघायची आणि बाहेरच्या गाड्यावर जाऊन बॉबी घ्यायची, कारण आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त पुस्तक दीडशेचं होतं आणि ते एमएच्या विद्यार्थ्यांनाही जड जाईल अशा भाषेतलं. म्हणून आमची पहिली नवी वस्तू होती दहा रुपयांचं पोस्टकार्ड. एका बाजूला संग्रहालयातल्या एका भांड्याचं रेघांचं चित्र, पोरांनी घरी जाऊन रंगवायचं. ते कार्ड आजही आमच्याकडे संख्येनं सगळ्यात जास्त खपतं. रंगवलेली कार्डं पोरं परत पाठवतात, त्यांचा एक गठ्ठा मी जपून ठेवलाय.

आता आकड्यांकडे येते, कारण तुम्ही कॉमर्सचे आहात आणि या क्षेत्रात तीच तुमची खरी ताकद ठरणार आहे. इतिहासाची, कलेची आवड असलेली माणसं संग्रहालयात भरपूर भेटतात. हिशेब आवडीनं करणारं माणूस मिळत नाही.

समजा, एका संग्रहालयात महिन्याला ४,००० माणसं येतात. त्यातली ४०० काहीतरी विकत घेतात आणि सरासरी बिल १५० रुपयांचं होतं. म्हणजे विक्री ६०,०००. मालाची खरेदी ३३,००० धरा. हातात राहिले २७,०००. काउंटरवरच्या माणसाचा पगार १५,०००, पिशव्या, छपाई, वीज, फूटतूट मिळून ४,०००. उरले ८,०००. दिसायला फारच थोडे. पण तेवढ्याच गर्दीतून ४०० ऐवजी ५०० जणांनी खरेदी केली तर विक्री ७५,००० होते, खरेदी ४१,२५०, हातात ३३,७५०, आणि वरचा खर्च तोच १९,०००. उरतात १४,७५०. गिऱ्हाईक पाव पटीनं वाढलं आणि शिल्लक जवळजवळ दुप्पट झाली. हे गणित मी फळ्यावर मांडलं, त्या दिवशी आमच्या विश्वस्तांचं दुकानाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं.

त्याआधीच्या बैठकीत मात्र मला स्पष्ट सुनावलं होतं, ‘आपली संस्था धर्मादाय आहे, आपण दुकान मांडायचं का?’ हा प्रश्न तुम्हालाही येणार. त्याचा राग मानू नका. विचारणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी आयुष्यभर देणग्या मागून संस्था उभी ठेवलेली असते, आणि पैसा म्हणजे कुणीतरी मोठ्या मनानं दिलेला, एवढीच त्यांना सवय असते. पण देणगी देणारा बहुतेक वेळा नावाची पाटी लागेल अशा कामाला देतो. छत गळतं, दिवे जातात, वाळवी लागते, त्याला देणगीदार मिळत नाही. दुकानातून सुटलेला पैसा कुणाची परवानगी न काढता तिथं लावता येतो. आमच्या एका दालनातल्या खिडक्यांना ऊन अडवणारी फिल्म लागली ती पोस्टकार्डांच्या पैशातून. त्या दालनात जुने कापडी नमुने आहेत आणि उन्हानं त्यांचा रंग उडत चालला होता. तो उडायचा थांबला, याचा मला जितका आनंद आहे तितका कुठल्याच विक्रीचा नाही.

कायद्याचंही सांगते, कारण ट्रस्टला व्यवसाय करताच येत नाही असा सगळीकडे समज आहे. करता येतो. तो संस्थेच्या उद्दिष्टाला धरून असावा लागतो, त्याची वह्या-बिलं वेगळी ठेवावी लागतात आणि शिल्लक उद्दिष्टावरच खर्च करावी लागते. प्राप्तिकरात ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ कामाच्या सदरात मोडणाऱ्या संस्थांना अशा उत्पन्नावर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. पण कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तूंचं जतन हे त्याच व्याख्येत वेगळं सदर आहे. तेव्हा कुठल्याही संस्थेत गेलात की आधी ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्ट स्थापनेचा दस्त, मागा, उद्दिष्टांचं पान वाचा आणि सीएसमोर बसून ती कुठल्या सदरात मोडते ते पक्कं करून घ्या. कलम ८ची, म्हणजे नफा वाटून न घेणारी, कंपनी काढायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. सुरुवातीला त्याची गरज नाही.

बाहेर या कामाला केव्हाच व्यवसायाचा दर्जा मिळालाय. अमेरिकेत संग्रहालयांच्या दुकानदारांची स्वतंत्र संघटना १९५५ पासून आहे. ब्रिटिश म्युझियमनं विक्री आणि प्रकाशनासाठी वेगळी कंपनी काढली ती १९७३ मध्ये, आणि तिकडच्या अशा कंपन्यांचा नफा संग्रहालयाच्याच कामाला जातो. आपल्याकडे बघायचं तर जोधपूरला मेहरानगढचं दुकान नक्की बघा. तो किल्ला १९७२ पासून ट्रस्टकडे आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं आणि भायखळ्याला भाऊ दाजी लाडचं बघा. जाताना वही न्या. काय विकतात यापेक्षा काय विकत नाहीत ते लिहून आणा.

यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण या कामातली खरी अक्कल तिथं लागते. कोल्हापुरातलं म्युझियम शॉप म्हटलं की पहिलं नाव निघतं चपलेचं. मलाही तसंच वाटलं होतं. पण चप्पल ठेवायची म्हणजे एका नमुन्याच्या पायाच्या मापाप्रमाणे सात-आठ जोड्या, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. पाच नमुने ठेवले तरी कपाट भरलं आणि भांडवल अडकलं. नेमकं मागितलेलं माप संपलेलं असतं. वरून आपल्या पावसात चामड्याला बुरशी येते, जून ते सप्टेंबर एकेक जोडी पुसून उन्हात ठेवायची तर ऊन कुठं असतं! चपलांच्या दुकानांची अख्खी चप्पल लाइन पंधरा मिनिटांवर असताना आम्ही तिच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता.

मग आम्ही काय केलं, तर चप्पल विकायची सोडून ती समजावून सांगायला लागलो. सुभाषनगरातल्या एका कारागीर काकांकडून एकच चप्पल टप्प्याटप्प्यानं करून घेतली: कापलेला तळ, टाच, कान, पट्टा, वेणी, आणि शेवटी पूर्ण जोड. काचेखाली ओळीनं मांडली. खिळा नाही, चामड्याच्याच वादीनं शिवण, म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, हे सगळं माणूस डोळ्यांनी बघतो. शेजारी त्याच कातड्याच्या कापून उरलेल्या तुकड्यांतून केलेल्या वस्तू विकायला: चपलेच्या आकाराचं किचेन, पुस्तकात ठेवायची वेणीची खूण, चष्म्याचं पाकीट. माप लागत नाही, जागा कमी लागते आणि किंमत शंभर ते चारशेच्या आत. ज्याला खरी चप्पल हवी त्याला आम्ही ती बनवणाऱ्यांकडे पाठवतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. आणि २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीचं नाव न घेता तशीच चप्पल दाखवल्यावर जो गदारोळ झाला, तो आपण सगळ्यांनी बघितला. त्यानंतर आमच्या काउंटरवर येणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, अस्सल कशी ओळखायची? उत्तर त्या काचेखाली मांडून ठेवलेलं होतं. दुकान संग्रहालयाचं आहे की नुसतं संग्रहालयाच्या आवारात आहे, हे अशा वेळी कळतं.

आता त्या काकांचं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी बसायला पाट दिला, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘ताई, नमुना कसाबी सांगा, करून देतो. पर पैसं कवा मिळणार तेवढं आधी सांगा.’ आधी एका दुकानानं त्यांच्याकडून माल जाकड, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत, अशा बोलीवर नेला होता. सात महिन्यांनी निम्मा परत आला, तोही उन्हानं रंग उतरलेला. तो परत कोण घेणार? कातडं त्यांनी रोखीनं आणलेलं, मजुरी घरातल्या चौघांची.

संस्थांच्या दुकानांत जाकडची पद्धत फार आहे, कारण त्यात संस्थेचा एक रुपयाही अडकत नाही. अडकतो तो कारागिराचा. मी त्या दिवशी ठरवलं की आमच्याकडे कारागिराचा माल जाकड घ्यायचा नाही. ऑर्डर देताना निम्मे, माल हातात आला की उरलेले. यासाठी खजिनदारांकडून पंचवीस हजार खेळतं भांडवल मिळवायला मला चार महिने लागले. प्रत्येक बैठकीत मांडत राहिले. ते पैसे बुडाले नाहीत, आजही तेच फिरताहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असा २००६चा कायदाच आहे, पण कायद्याची वाट कशाला बघायची? वेळेवर पैसे देणाऱ्याचा माल आधी होतो, आणि चांगला होतो. हुपरीच्या एका चांदी कारागिरानं आमच्यासाठी कोल्हापुरी साज या दागिन्यातल्या एका पानाचं छोटं पदक करून दिलं, ते केवळ ‘त्या बाई पैसे अडकवत नाहीत’ हे त्यांच्या कानावर गेलं होतं म्हणून.

माझी सगळ्यात महागडी चूकही सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी मी कपांवर चित्र छापून घेतलं. छापणाऱ्यानं पाचशेच्या खाली ऑर्डर घेत नाही म्हटलं, आणि नगाला दर इतका कमी पडत होता की मी हो म्हणाले. कप सुंदर झाले. पण आमच्याकडे येणारी माणसं एसटीनं, जोतिबा-पन्हाळा करत आलेली असतात, हातात आधीच गुळाची ढेप आणि पिशव्या. फुटेल अशी वस्तू ती घेत नाहीत. तीन वर्षं ते खोके जागा अडवून बसले होते. तेव्हापासून नवी कुठलीही वस्तू आधी तीस नग करून बघते, मग नगाला दर दुप्पट पडला तरी चालेल.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आणखी एक धडा मिळाला. गोदाम म्हणून आम्ही शाहूपुरीत एक खोली घेतली होती. पंचगंगेचं पाणी आलं आणि जमिनीवर ठेवलेला सगळा कागदी माल गेला. पुस्तकांच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला होता. आता आमचा कुठलाही खोका छातीच्या खाली ठेवत नाही, सगळा माल माळ्यावर, आणि मालाचा विमा वेगळा. २०२१ला पुन्हा पाणी आलं तेव्हा एक पोस्टकार्डसुद्धा भिजलं नाही.

चित्रांच्या हक्काचं थोडक्यात. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. आबालाल रहिमान १९३१ला गेले, बाबूराव पेंटर १९५४ला, तेव्हा त्यांच्या चित्रांवरचा हक्क संपलेला आहे. मात्र मूळ चित्र ज्यांच्याकडे आहे त्यांची परवानगी आणि चांगला फोटो लागतोच. चंद्रकांत मांढरे २००१ला गेले, त्यांच्या चित्राचं कार्ड छापायचं तर वारसाहक्क कुणाकडे आहे ते शोधून लेखी संमती घ्यावी लागेल. आबालालांचा रंकाळा, कोटितीर्थ ही कोल्हापूरच्या माणसाला घरी न्यावीशी वाटणारी चित्रं आहेत, आणि अशा वस्तूंची इथं वाण नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. तिथं सापडलेली ग्रीक सागरदेव पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी रोमची मूर्ती! या एका गोष्टीवर मुलांसाठी नकाशा, खेळ, पुस्तक काय वाटेल ते होऊ शकतं. फक्त प्रतिकृती केलीत तर ती प्रतिकृती आहे असं वस्तूवरच कोरून घ्या. शंभर वर्षांवरची खरी वस्तू विकायला १९७२च्या कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा कुणी आजीच्या पेटीतलं काही आणून ‘हे ठेवा विकायला’ म्हणालं तर हात जोडून नाही म्हणायचं.

आता शिक्षण. संग्रहालयशास्त्राचा विभाग बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून आहे, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर पदविका चालते. सामाजिक उद्योजकतेचा अभ्यासक्रम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस्स) आहे. हे सगळे चांगले आहेत, पण तुम्हाला कोल्हापूर सोडायचं नाही आणि खरं सांगायचं तर लगेच गरजही नाही. राजारामपुरीत कुठल्याही क्लासला टॅली आणि जीएसटी पक्कं करून घ्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि शेजारच्याच किचेनवर आहे, एवढ्या बारकाव्यानं बिल करता यायला हवं. मोबाइलवर वस्तूचा स्वच्छ फोटो काढायला शिका. मराठीत चार ओळींत वस्तूची गोष्ट लिहिता आली पाहिजे, ती चिठ्ठी वस्तूबरोबर जाते आणि तिच्यावर करणाऱ्याचं नाव असतं.

पगाराची आशा सुरुवातीला मोठी ठेवू नका. कपड्याच्या मोठ्या शोरूममध्ये तुमच्याएवढ्या शिकलेल्याला याहून जास्त मिळेल. माझा पगार वाढला तो दुकानाची शिल्लक दाखवल्यावर, चौथ्या वर्षी. मी त्याआधी सोडलं नाही, कारण घरात वडिलांचं दुकान होतं, भाडं भरायचं नव्हतं. तुमच्या घरची जबाबदारी तुमच्यावर असेल तर पहिली दोन वर्षं हातातली नोकरी ठेवून शनिवार-रविवार हे काम करा, त्यात कमीपणा नाही. गर्दीही तेव्हाच असते. तसंच, हे काम फक्त संग्रहालयातच आहे असं समजू नका. अंध मुलांच्या संस्था, बचत गटांचे महासंघ, जुनी वाचनालयं, सगळ्यांकडे काहीतरी विकण्याजोगं असतं आणि ते नीट विकणारं कुणी नसतं.

सुरुवात कुठून करायची, तर ३१ मार्चला सगळ्या संस्थांत स्टॉक मोजणी असते. त्या दिवशी माणसं कमी पडतात आणि कुणालाच ते काम नको असतं. न्यू पॅलेस, टाऊन हॉल, कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय, शहरातल्या लहान-मोठ्या संस्था, सगळीकडे एकदा फिरून या. ज्या संस्थेचं कपाट बघून तुम्हाला चैन पडणार नाही, तिथल्या कार्यालयात फेब्रुवारीतच जाऊन सांगा की मोजणीला मी येईन, पैसे नकोत. एका दिवसात कुठला माल किती वर्षं पडून आहे, कुठला संपलाय आणि पुन्हा मागवलाच नाही, बिलं कुठल्या फायलीत आहेत, हे सगळं कळेल. संध्याकाळी यादी त्यांच्या हातात देताना खाली एवढंच लिहा: यातल्या कुठल्या तीन वस्तू मी पुढच्या वर्षी परत मागवीन, आणि का.

माझ्याकडे अशी यादी लिहिणारं कुणी आलं तर मी त्यांना दुसऱ्या दिवशीही बोलावीन.